हँगरवरचं फुलपाखरू

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीच्या पहिल्या पानावर आपण निलवंत फुलपाखराचा, म्हणजे ब्लू मॉरमॉनचा, अर्धं पान भरेल एवढा रंगीत फोटो छापलात. खाली ओळ होती, ‘पावसाच्या उघडिपीत फुलावर विसावलेले राज्य फुलपाखरू’. ब्लाउज न्यायला आलेल्या दोघीजणींनी माझ्याकडे ते पान मागितलं, एकीला ते मुलीच्या खोलीत चिकटवायचं होतं. मी दिलं नाही. तोवर माझं ते तीनदा भिंगाखाली धरून झालं होतं आणि आलेली शंका दर वेळी पक्की होत गेली होती. ते फुलपाखरू मेलेलं आहे.

माझा धंदा शिवणकामाचा. सावंतवाडीत बत्तीस वर्षं ब्लाउज, परकर आणि शाळांचे गणवेश शिवते आहे. सदरा हँगरवर आहे की माणसाच्या अंगावर, हे मला रस्त्याच्या पलीकडून कळतं. अंगावरच्या सदऱ्याला खांद्यावर उतार असतो, काखेत चुणी पडते, एक बाही दुसरीपेक्षा जराशी पुढे असते. हँगरवर सगळं सारखं. जिवंत निलवंत पंख उघडून उन्हाला बसतं तेव्हा त्याचे पुढचे पंख मागे ओघळतात आणि मागच्या पंखांवर थोडे चढतात. आपल्या फोटोत पुढच्या पंखांची खालची कड अंगाशी बरोबर काटकोनात आहे, गुण्या लावून आखावी तशी. संग्रहालयाच्या पेटीत फुलपाखरं अशी टाचतात, कारण मग मागच्या पंखावरची नक्षी पूर्ण दिसते. डावीकडचा एक पाय फोटोत दिसतो, तो फुलाला धरून नाही, पोटाशी आखडलेला आहे. आणि विसावण्याचं म्हणाल तर निलवंताच्या कुळातली फुलपाखरं मध पितानासुद्धा पंख फडफडवतच असतात. त्यांचा एक स्थिर फोटो मिळवताना माझ्यासारखीच्या नाकी नऊ येतात.

ज्यांनी तो काढला त्यांच्यावर माझा राग नाही. मेलेलं फुलपाखरू वाटेत सापडलं, उचलून फुलावर ठेवलं, फोटो काढला. यात कुणाचा जीव गेला नाही. पण मग ‘विसावलेले’ कशाला? 2015 साली महाराष्ट्राने या फुलपाखराला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं. त्याची ओळख पोरांना हँगरवर टांगलेल्या अवस्थेत व्हावी, हे काही मनाला पटलं नाही.

एवढ्यावर थांबले असते तर पत्र चार ओळींत संपलं असतं. पण या निमित्ताने पोटात बरीच वर्षं साठलेलं एक बोलायचं आहे, त्यात माझी स्वतःची चूकही आहे.

मला हा नाद लागला 2013 च्या पावसाळ्यात. मुलाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्याकडे आला. त्याच्यासोबत एक पन्नास मिलिमीटरची जुनी लेन्स होती, आकडा हाताने फिरवायची. कुठेतरी वाचलं की तीच लेन्स उलटी करून लावली तर बारीक वस्तू मोठी दिसते. उलटी बसवायला एक चकती मिळते, रिव्हर्स रिंग म्हणतात तिला. दोन ब्लाउजांच्या शिलाईत आली. खरी मॅक्रो लेन्स घ्यायची माझी ऐपत तेव्हा नव्हती, आणि आता थोडीफार आहे तर सवय सुटत नाही.

वाचकांपैकी ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. माझ्या कॅमेऱ्याच्या आत जिथे चित्र उमटतं ती चकचकीत पट्टी साधारण 22 मिलिमीटर रुंद आहे, कोटाच्या मोठ्या बटणाएवढी. बटणाएवढा किडा त्या पट्टीवर बटणाएवढाच उमटला की त्याला मॅक्रो म्हणतात, एकास एक. किडा पट्टीवर जसजसा मोठा उमटतो तसतशी स्पष्ट दिसणारी जागा पातळ होत जाते. एकास एकला, भिंगाचं भोक बारीक करून एफ 11 वर ठेवलं तरी, जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग स्वच्छ येतो. दुप्पट मोठं केलं की ती जाडी अस्तराच्या दुपदरी कापडाएवढी राहते. डोळा साधला तर मिशी सुटते, मिशी साधली तर डोळा. त्यात लेन्सचं तोंड किड्यापासून चार बोटांवर. सुईत दोरा ओवताना आपण श्वास धरतो ना, तसा धरायचा, अंगच पुढेमागे झुलवायचं आणि डोळा त्या पातळ पदरात आला की बटण दाबायचं. पन्नासातले दोन फोटो बरे येतात. फ्लॅशचा उजेड किड्याच्या पाठीवर चरचरीत पडतो, म्हणून मी पाण्याची बाटली कापून तिच्यावर मलमलचे दोन पदर चढवले आहेत, तोंडाला बक्रमची पट्टी. या एका बाबतीत माझी वस्तू शहरातल्या भारी सामानाला मागे टाकते, हे मी कुणापुढेही म्हणेन.

सकाळच्या एसटीने मी आंबोलीला जाते. सावंतवाडीहून तीसेक किलोमीटर, घाट चढला की धुकं खिडकीतून आत येतं. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारी ही जागा. कंडक्टर आता ओळखतो. पहिल्या वर्षी त्याने विचारलं होतं, “काकी, किड्यांचे फोटो काढून काय करतलात?” मी म्हटलं, ब्लाउजची डिझाइनं काढते. त्याला ते पटलं. तसं ते पूर्ण खोटंही नाही. रत्नासारख्या चमकणाऱ्या ढेकणाच्या पाठीवरचा हिरवा आणि त्यातले काळे ठिपके मी एकदा एका नवरीच्या ब्लाउजावर उतरवले होते. तिला अर्थातच ढेकूण असं सांगितलं नाही.

आता चुकीचं. दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरात, घरामागच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, मला एक टाचणी सापडली. चतुराच्या नात्यातला हा काडीसारखा किडा, बसला की पंख पाठीवर मिटतो. टाचणी हे नाव माझ्या धंद्यातलं, म्हणून माझा तिच्यावर विशेष लोभ. ती काही केल्या बसेना. तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं, किडा डब्यात घालून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचा, गारठला की हलत नाही, मग हवा तिथे ठेवून आरामात फोटो काढायचा. मी तिला पंखांना धरून स्टीलच्या डब्यात घातलं. दहा मिनिटं म्हटली होती, मध्ये गिऱ्हाईक आलं, फॉल-बिडिंगचा हिशेब निघाला, अर्धा तास गेला. बाहेर काढली, गवताच्या पात्यावर ठेवली. अंगावर दवासारखे बारीक थेंब जमले, उजेड छान आला. आयुष्यातला पहिला नजर लागण्यासारखा फोटो. स्थानिक प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. तो मोठा करून छापून आणला तेव्हा दिसलं की तिला चारच पाय आहेत. दोन माझ्या चिमटीत गेले होते किंवा डब्याच्या झाकणात. ती उडाली नाही. संध्याकाळपर्यंत मी वाट पाहिली.

तो फोटो अजून दुकानात लावलेला आहे. लोक कौतुक करतात. पाय कुणी मोजत नाही.

त्यानंतर मी फ्रीज बंद केला, पण इतरांचे डबे दिसायला लागले. गेली सात-आठ वर्षं पावसाळ्यात आंबोलीला मॅक्रोच्या सहली येतात. पुण्याहून, मुंबईहून, बेंगळुरूहून मंडळी येतात, शुक्रवारी रात्री उतरतात, रविवारी परत. या सहलींमुळे गावातल्या पोरांना काम मिळालं, खोल्या भरू लागल्या, बेडूक बघायला माणसं पैसे मोजतात हे आमच्या म्हाताऱ्यांना पहिल्यांदा कळलं. हे सगळं चांगलंच आहे. पण दिवसा काय होतं ते मी पाहिलं आहे. वाटाड्या सकाळी एकटा फिरतो, बेडूक, काडीकिडा, प्रार्थना कीटक, मोठे कोळी, कधी चापडा सापसुद्धा, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यांत गोळा करतो. रात्री मुक्कामाच्या जागेमागे शेवाळ लावलेला एक दगड आणि एक वाकडी फांदी तयार असते. एकेक प्राणी काढून त्यावर ठेवायचा, मंडळी रांगेत, प्रत्येकाला दोन मिनिटं. उडाला की पुन्हा आणून ठेवायचा. वरून पिचकारीने पाणी मारायचं, पाऊस दिसावा म्हणून. बाहेर खरा पाऊस धो धो चाललेला असतो.

त्या रात्रींपैकी एकीला मी पैसे भरून गेले होते, तेव्हा हे सांगते. रांगेत माझा नंबर सातवा होता. दगडावर एक हिरवा झाडबेडूक होता. माझ्या पुढच्या गृहस्थांनी त्याचा मागचा पाय बोटाने बाहेर ओढून ठेवला, बोटांमधला पडदा दिसावा म्हणून. बेडकाची कातडी म्हणजे आपल्या कातडीसारखी गोष्ट नाही, तो तिच्यातून श्वास घेतो, पाणी शोषतो. आणि त्या गृहस्थांनी जेवणाआधी सगळ्यांबरोबर हाताला डासांचं मलम चोळलेलं मी पाहिलं होतं. मी फोटो न काढता रांगेतून बाहेर आले. शूर काही केलं नाही, बोलले तर नाहीच, नुसती बाहेर आले.

चापड्याचं तर आणखी वाईट. हा साप एकाच फांदीवर, एकाच वळणात दिवसेंदिवस बसून राहतो, भक्ष्य खालून जाईल याची वाट बघत. ती जागा त्याने निवडलेली असते. तिथून उचलून नेला आणि दुसऱ्या दिवशी ‘जवळच’ सोडला म्हणजे आपल्या मते परत दिला. त्याच्या मते काय, ते कोण विचारणार! फुलपाखरांच्या बाबतीत हीच गोष्ट पानांची. सुरवंट दिसला की उजेडात आणायला डहाळी तोडतात. सुरवंट वाटेल ते पान खात नाही. निलवंताच्या सुरवंटाला लिंबाच्या जातीचं झाड लागतं, रुईवरच्या सुरवंटाला रुईच्या कुळातलंच. तोडलेली डहाळी दुपारपर्यंत सुकते, आणि फोटो काढून झाल्यावर ती परत मूळ झाडावर नेऊन ठेवणारा मला अजून भेटायचा आहे.

मेअखेरीला काजव्यांच्या झाडाखाली फ्लॅश मारणाऱ्यांबद्दल मी लिहीत बसत नाही. त्यावर आपल्याच वर्तमानपत्रात दरवर्षी लिहून येतं, आणि दरवर्षी फ्लॅश पडतात.

माझ्या शेजारणीचा मुलगा अशाच सहलींना वाटाड्या म्हणून जातो. हुशार पोरगा, बेडूक आवाजावरून ओळखतो. मी त्याला लहानपणी गणवेश शिवून दिलेत, त्यामुळे त्याच्यावर ओरडायचा हक्क आपला आहे असं मला वाटतं. ओरडले. तो शांतपणे म्हणाला, “मावशी, माणसं दोन रात्रींचे पैसे भरून येतात. त्यांना यादी हवी असते. आंबोली टोड दिसला पाहिजे, चापडा दिसला पाहिजे, उडता बेडूक दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुढच्या वेळी दुसऱ्या पोराला फोन. मी एकटा नाही म्हटलं तर माझाच धंदा बसतो. जंगलाच्या फाटकावर ‘जीव उचलू नका’ अशी पाटी असती ना, तर मी पाटीकडे बोट दाखवलं असतं.”

हे वाक्य ऐकल्यापासून माझं मत बदललं. तोवर मी म्हणत होते, सहली बंद करा. आता म्हणते, पाटी लावा.

फाटकावर काय होतं तेही सांगितलं पाहिजे. मागच्या वर्षी मी एका अभयारण्यात रीतसर चिठ्ठी फाडून गेले. फाटकावरच्या भाऊंनी माझी पिशवी उघडायला लावली. उलटी लेन्स बघून ते बुचकळ्यात पडले. “मोडलीय का?” म्हणाले. नाही, अशीच लावायची, म्हटल्यावर त्यांना वाटलं काहीतरी फार भारी प्रकार असणार. मोठ्या लेन्सचं शुल्क घेतलं. मी दिलं, हुज्जत घातली नाही, पावती जपून ठेवली आहे. माझ्यापुढे एक ट्रॅव्हलर उभी होती. तिच्या टपावर, दोरीने बांधलेल्या, झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बरण्या सगळ्यांना दिसत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. लेन्स किती लांब, याचा हिशेब आहे. बरणी कशाला, हा प्रश्न नाही.

कायदा मी वाचलेला नाही असं नाही. आमच्या वॉर्डातल्या वकीलबाईंचा कोट शिवता शिवता त्यांच्याकडून समजून घेतला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘प्राणी’ या शब्दात बेडूकही येतात आणि पाठीचा कणा नसलेले जीवही, त्यांची पिल्लं आणि अंडीसुद्धा. अभयारण्यातून परवानगीशिवाय वन्यजीव हलवायचा नाही, त्याच्या अधिवासाची नासधूस करायची नाही, हे त्याच कायद्यात आहे. म्हणजे नवा नियम करायची गरजच नाही. आहे तोच, लोकांना कळेल अशा भाषेत, फाटकावर लिहायचा: डबा, बरणी, चिमटा, पिचकारी आत नेऊ नये, कुठलाही जीव त्याच्या जागेवरून उचलू नये, पान-फांदी तोडू नये. बास. लेन्स कितीही लांब असू दे.

जिथे फाटकच नाही तिथे काय, असं कुणी विचारेल. आंबोलीच्या रस्त्यावर, चौकुळच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, हिरण्यकेशी नदीच्या वाटेवर कुठलं आलंय फाटक! तिथे पाटी मुक्कामाच्या जागेत लागली पाहिजे, खोलीच्या किल्लीबरोबर हातात पडली पाहिजे. हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळाच्या कुंडात, मासा सापडला. 2020 मध्ये त्याची शास्त्रात नवी जात म्हणून नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. लोकांनी तिथे पाण्यात हात घालणं बंद केलं, निदान मी जाते तेव्हा तरी. देऊळ होतंच, वर एक फलक आला. माणसं फलक वाचतात, आपण समजतो तेवढी ती वाईट नसतात.

यावर एक योग्य आक्षेप आहे आणि तो मी स्वतःच मांडते. शास्त्रज्ञ तर किडे पकडतात. हो, पकडतात, आणि पकडावेच लागतात. आमच्याच जिल्ह्यातल्या विमलेश्वर गावातून 2019 मध्ये टाचणीची एक नवी जात नोंदली गेली, 2022 मध्ये चौकुळहून चतुराची. नुसत्या फोटोवरून असं नाव सहसा देता येत नाही, काही अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. ती माणसं परवानगीचा कागद काढतात, कुठे, कधी, किती, सगळं लिहून ठेवतात. शनिवारच्या रात्री रांगेत उभं राहून दोन मिनिटं बेडकाचा पाय ओढण्याशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरा आक्षेप माझ्याविरुद्ध आहे. मीही पान उलटं करून खाली काय आहे ते बघते. आडवं आलेलं गवत मी कपडे वाळत घालायच्या चिमट्याने बाजूला बांधून ठेवते, फोटो झाला की सोडते. म्हणजे हात मी लावतेच. मान्य. पण पान ज्या देठावर होतं तिथेच राहतं, किडा ज्या पानावर होता तिथेच राहतो, आणि तो निघून गेला तर गेला. यापेक्षा शुद्ध राहायचं म्हटलं तर घरीच बसावं लागेल.

आता आपल्याकडे येते. बाहेरच्या जगात या गोष्टी आता हसण्यावारी नेत नाहीत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत 2009 चा विजेता लांडगा पाळीव असावा असं परीक्षकांना वाटलं, तेव्हा 2010 मध्ये बक्षीस काढून घेतलं. 2017 च्या एका विजेत्या फोटोतला मुंग्याखाऊ पेंढा भरलेला असावा असं ठरलं, 2018 मध्ये तेही बक्षीस गेलं. आयनॅचरलिस्ट नावाच्या संकेतस्थळावर मी माझे फोटो टाकते, किडा ओळखायला तिथे लोक मदत करतात. तिथे प्रत्येक नोंदीला एक खूण करता येते, हा जीव मोकळा होता की बंदिस्त. एक साधी खूण. तिने फोटोची किंमत कमी होत नाही, खरी काय ती कळते.

आणि छापील पानावर काय येतं? पानाची छत्री धरलेला बेडूक. भुंग्याच्या पाठीवर बसलेला बेडूक. तीन बेडूक एकावर एक. इंडोनेशियातून आलेले हे फोटो जगभर फिरले आणि त्यावर टीकाही तेवढीच झाली, पण आपल्या पुरवणीत मी ते ‘निसर्गाची किमया’ म्हणून दोनदा पाहिले. बेडूक छत्री धरत नाही हो. पाऊस आवडतो त्याला.

म्हणून विनंती एवढीच की फोटो घेताना पाठवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: कुठे, कधी, आणि तो जीव तिथेच होता का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तरी छापा, पण तसं लिहून छापा. मेलेलं फुलपाखरू ‘मेलेलं’ म्हणून छापलंत तर मी ते पान कापून दुकानात लावीन; पंखावरची खवली, ती निळाई इतक्या जवळून एरवी कुठे बघायला मिळते? शेजारणीच्या पोराला याचा उपयोग असा होईल की त्याचं गिऱ्हाईक जे फोटो बघून येतं, त्या फोटोंखाली खरं काय ते लिहिलेलं असेल. मग यादीतल्या सातपैकी तीनच दिसले तरी पैसे वसूल झाले असं वाटायला लागेल कदाचित. निदान काहींना.

सोबत माझा एक फोटो पाठवते. ओंबील मुंग्यांचा आहे, आमच्याकडे हुमले म्हणतात, चावले की माणूस नाचतो. पण यांच्याइतकी चांगली शिवण मी पाहिलेली नाही. काहीजणी एका पानाच्या कडेला पाय रोवून दुसऱ्या पानाची कड जबड्यात धरून ओढतात. अंतर जास्त असेल तर एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात. कडा जुळल्या की दुसऱ्या मुंग्या आपल्याच घरातल्या अळ्या तोंडात धरून आणतात आणि अळीचं तोंड या कडेला टेकव, त्या कडेला टेकव, असं करत जातात. अळीतून रेशमाचा धागा निघतो. शिवणारी मुंगी आणि धोटा म्हणजे घरातलं बाळ. हा क्षण मिळवायला मला चार पावसाळे लागले. घरटं माझ्या दुकानामागच्या आंब्यावरच होतं, आणि मी चार वर्षं आंबोलीला जात होते.

फोटो छापलात तर मानधन नको. खालची ओळ मात्र मी देते तीच द्यावी, एक शब्दही न बदलता:

‘ओंबील मुंग्या आंब्याची पानं शिवताना. सावंतवाडी, सकाळी साडेसात. कुठल्याही मुंगीला हलवलेलं नाही. वारा होता, त्यामुळे उजवीकडचं पान अस्पष्ट आहे. फोटो काढणारीला अकरा ठिकाणी चावल्या.’

आपली नियमित वाचक,
शिवणकाम करणारी एक बाई, सावंतवाडी

(नाव-पत्ता आपल्याकडे आहे. छापू नये, शेजारणीच्या मुलाला अजून हंगाम काढायचा आहे.)